फुप्फुसाची शस्त्रक्रिया आणि रुग्णाच्या हातातील माहितीपत्रक

फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया काही तासांत पार पडते. तिची तयारी मात्र काही आठवडे आधी सुरू होते आणि तिच्यातून सावरण्याचे काम पुढे काही महिने चालते. या सर्व काळात शल्यचिकित्सक रुग्णाजवळ असतो तो थोडा वेळ. उरलेल्या वेळात जे काही करावयाचे ते रुग्णाने आणि त्याच्या घरच्या माणसांनीच करावयाचे असते. तंबाखू सोडणे, श्वासाचे व्यायाम करणे, छातीत बसविलेली नळी व तिची बाटली सांभाळणे, दुखत असतानाही खोकून कफ बाहेर काढणे, लवकरात लवकर उठून चालू लागणे, आणि घरी गेल्यावर कोणत्या लक्षणाला भ्यावयाचे व कोणत्याला नाही हे ओळखणे, ही सारी कामे त्यांच्याकडे येतात. ती कशी करावयाची हे सांगणारे, रुग्णालयातून मिळणारे दोन-चार पानांचे माहितीपत्रक म्हणूनच उपचाराचे एक साधन ठरते. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी पुसट असली तर आपण ती बाटली परत करतो. माहितीपत्रक पुसट, बोजड किंवा अपुरे असले तर मात्र त्याबद्दल सहसा कोणी तक्रार करीत नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले. भारतात ही संख्या सुमारे ८० हजार होती. यांपैकी सर्वांवरच शस्त्रक्रिया करता येते असे नाही. रोग फुप्फुसापुरता किंवा त्याच्या लगतच्या भागापुरता मर्यादित असतानाच ती उपयोगी पडते, आणि आपल्याकडे तर रोग बऱ्याचदा उशिरा ध्यानात येतो. महिनोन् महिने चाललेला खोकला व क्ष-किरण छायाचित्रावरील डाग हे क्षयाचे समजून त्यावरच औषधे दिली जातात, असेही घडते. जे थोडे रुग्ण वेळीच शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात, त्यांना बरे होण्याची खरी संधी असते. माणसाच्या उजव्या फुप्फुसाला तीन व डाव्याला दोन खंड असतात. बहुधा रोगग्रस्त खंड काढून टाकला जातो आणि उरलेल्या खंडांनी पुन्हा पूर्ण फुगून छातीतील जागा भरून काढावी अशी अपेक्षा असते. कफ साचला, रुग्ण पडून राहिला, श्वास उथळ राहिला, तर तेथे न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण दगावण्याची जी कारणे आहेत, त्यांत हे एक आहे.

सांगितलेले किती लक्षात राहते?

डॉक्टरांनी तोंडी समजावून सांगितले म्हणजे पुरे, असा एक समज आहे. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेचच विसरतात आणि जे लक्षात राहते त्यातील जवळजवळ निम्मे चुकीचे असते, असे त्यात दाखविले आहे. वय आणि मनावरचा ताण यांमुळे ही विस्मृती वाढते. कर्करोग हा शब्द नुकताच ऐकलेल्या साठीतल्या माणसाची अवस्था यावरून ध्यानात यावी.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. शस्त्रक्रियेचे स्वरूप, तिचे धोके आणि तिला असलेले पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्याशिवाय रुग्णाने दिलेली संमती खरी संमती ठरत नाही, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात घालून दिला. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर बरा व्हावा यासाठी युरोपातील दोन तज्ज्ञ संस्थांनी २०१९ साली संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतही शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला रीतसर माहिती व समुपदेशन देण्यात यावे, असे म्हटले आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगासाठी संपूर्ण फुप्फुस एकाच वेळी यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया एव्हर्ट्‌स ग्रॅहॅम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुई येथे केली. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता. अशा रुग्णाला माहितीपत्रकाची गरज ती काय, असे वाटेल. परंतु पुढे इंग्लंडमधील एक तरुण डॉक्टर विकी क्लेमेंट-जोन्स यांना कर्करोग झाला, तेव्हा रुग्ण म्हणून माणसाला जे जाणून घ्यावेसे वाटते ते सोप्या शब्दांत कोठेच मिळत नाही, असा त्यांना अनुभव आला. त्यातूनच कर्करोग्यांना माहिती देणारी बाकअप ही संस्था १९८५ साली सुरू झाली. मुंबईच्या जॅस्कॅप या संस्थेने मराठीसह अनेक भारतीय भाषांत ज्या पुस्तिका उपलब्ध करून दिल्या, त्यांचे मूळ या इंग्रजी पुस्तिकांत आहे. डॉक्टरला जे अडते ते शेतकऱ्याला किती अडत असेल!

तीन गोळ्यांचे यंत्र आणि पाण्याची बाटली

पत्रकातील शब्दांवर काय अवलंबून असते, हे दोन साध्या वस्तूंवरून समजू शकेल. शस्त्रक्रियेच्या आधीपासून रुग्णाच्या हाती एक प्लॅस्टिकचे यंत्र दिले जाते. त्यात तीन नळकांड्या व त्यांत तीन रंगीत गोळ्या असतात. तोंडात नळी धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. जितका श्वास जोरकस तितक्या अधिक गोळ्या चढतात आणि त्या वर धरून ठेवता आल्या तर फुप्फुस चांगले फुगते. आता पत्रकात जर ‘यंत्राच्या साहाय्याने श्वसनाचा व्यायाम करावा’ एवढेच लिहिलेले असेल, तर रुग्ण काय करील? नळी तोंडात धरली की फुंकावयाची, ही माणसाची सवय आहे. बासरी, पिपाणी, शंख, चुलीची फुंकणी, सारे काही फुंकूनच चालते. रुग्ण जीव तोडून फुंकतो, गोळ्या जागच्या हलत नाहीत, आणि यंत्र बिघडलेले आहे असे समजून ते खाटेखाली ठेवले जाते. या यंत्राचा लाभ साध्या दीर्घ श्वसनापेक्षा किती अधिक होतो याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु ते द्यावयाचेच असेल तर ‘फुंकू नका, श्वास आत ओढा, सरबत नळीने ओढतो तसे’ हे वाक्य त्याच्याबरोबर दिले पाहिजे.

दुसरी वस्तू अधिक गंभीर आहे. शस्त्रक्रियेनंतर छातीत साचणारी हवा व रक्तमिश्रित पाणी बाहेर पडावे म्हणून एक-दोन नळ्या बसविलेल्या असतात. त्या खाली ठेवलेल्या बाटलीत सोडलेल्या असतात. बाटलीत ठरावीक पाणी असते आणि नळीचे टोक त्या पाण्याखाली बुडालेले असते. त्यामुळे छातीतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकते, पण बाहेरची हवा उलट आत शिरू शकत नाही. श्वासाबरोबर नळीतील पाणी वरखाली होते, हे ठीकच असते. ही सारी योजना बाटली छातीच्या खाली असण्यावर अवलंबून आहे. ती वर उचलली गेली तर बाटलीतील द्रव पुन्हा छातीत जाण्याचा धोका असतो. हवा येत असताना कोणी नळी दुमडली किंवा चिमटा लावून बंद केली, तर कोंडलेल्या हवेने फुप्फुस दबू शकते. रुग्णाला शौचालयात किंवा तपासणीसाठी नेताना बाटली उचलण्याचे काम बहुधा नातेवाइकाकडे येते. ‘आपल्याला सांभाळून नेली पाहिजे’ या काळजीने तो ती रुग्णाच्या मांडीवर किंवा पोटावर ठेवतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. बाटली आहे कशासाठी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

येथे मराठी वाक्यरचनेचीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘रुग्णास अन्यत्र हलविताना नळीस जोडलेली बाटली छातीच्या पातळीपेक्षा वर उचलू’ येथे ओळ संपते, आणि ‘नये’ हा शब्द पुढच्या ओळीत किंवा पुढच्या पानावर जातो. अडखळत वाचणारा माणूस तेथपर्यंत पोहोचेलच असे नाही. त्यापेक्षा ‘बाटली नेहमी छातीच्या खाली ठेवा’ असे सरळ लिहावे. नकार अटळ असेल तेथे ‘कधीही’ हा शब्द वाक्याच्या आरंभी घालावा. शेजारी एक रेखाचित्र असावे: चालणारा रुग्ण, आणि गुडघ्याच्या उंचीवर बाटली धरलेला त्याचा मुलगा.

मोजमापे आणि त्यांच्या मर्यादा

लिखाण किती सोपे आहे हे मोजण्याची सूत्रे इंग्रजीत फार पूर्वीपासून आहेत. रूडॉल्फ फ्लेश यांचे सूत्र १९४८ सालचे, तर मॅक्‌लॉफ्लिन यांचे ‘स्मॉग’ हे सूत्र १९६९ सालचे आहे. वाक्याची लांबी आणि अनेक अवयवांचे शब्द मोजून, लिखाण समजण्यास कितव्या इयत्तेपर्यंतचे शिक्षण लागेल, हे ती सांगतात. रुग्णांसाठीचे लिखाण साधारणपणे सहाव्या इयत्तेच्या पातळीचे असावे असे अमेरिकेत मानले जाते. प्रत्यक्षात तेथील पत्रके त्याहून बरीच कठीण असल्याचे वारंवार दिसून आले आहे.

ही सूत्रे मराठीला जशीच्या तशी लावता येत नाहीत. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘माणसांसाठीसुद्धा’ हा शब्द लांबलचक असला तरी तो कोणालाही कळतो. उलट ‘अर्बुद’, ‘ऊती’, ‘छेद’ हे दोन-तीन अक्षरी शब्द असूनही पदवीधर तेथे थबकतो. म्हणजे इंग्रजी सूत्राने ज्याला सोपे म्हटले असते ते कठीण, आणि कठीण म्हटले असते ते सोपे!

यापेक्षा उपयोगी पडतील अशा प्रश्नावल्या नंतर तयार झाल्या. ब्रिटनमध्ये १९९९ साली तयार झालेल्या ‘डिसर्न’ या प्रश्नावलीत १६ प्रश्न आहेत. माहिती कोठून घेतली, ती केव्हाची आहे, उपचाराचे फायदे आणि धोके दोन्ही सांगितले आहेत काय, उपचार न केल्यास काय होईल, दुसरे पर्याय कोणते, असे ते प्रश्न आहेत. अमेरिकेतील आरोग्यसेवा संशोधन व गुणवत्ता संस्थेने २०१३ साली ‘पेमॅट’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. छापील साहित्यासाठी तिच्यात २४ प्रश्न आहेत: १७ प्रश्न पत्रक समजते की नाही याविषयी, आणि ७ प्रश्न ते वाचून नेमके काय करावयाचे हे कळते की नाही याविषयी. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. ‘धूम्रपान टाळावे’ हे समजते. परंतु उद्या सकाळी खिशातील विडीबंडलाचे काय करावयाचे, हे त्यातून कळत नाही. ‘शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी विडी, सिगारेट पूर्ण बंद करा, जमत नसेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा’ असे लिहिले की ते करता येते. तंबाखू म्हणजे केवळ विडी-सिगारेट नव्हे, मिसरी आणि गुटखाही त्यात आला, हेही लिहावे लागते. मिसरी लावणाऱ्या बाईला आपण ‘व्यसन’ करतो असे वाटतच नाही.

पारिभाषिक शब्दाचा मोह

शासकीय व वैद्यकीय लिखाणात पारिभाषिक मराठी आवश्यक आहे, यात शंका नाही. कायदा, अहवाल, पाठ्यपुस्तक यांना नेमक्या संज्ञा लागतातच. रुग्णाच्या पत्रकाचे काम वेगळे आहे. पुढील वाक्य पाहा: ‘शस्त्रक्रियोत्तर कालावधीमध्ये फुप्फुसांच्या प्रसरणक्षमतेच्या पुनःस्थापनेकरिता श्वसनव्यायाम नियमितपणे करण्यात यावेत.’ व्याकरणदृष्ट्या त्यात चूक नाही. आता हेच असे लिहिता येईल: ‘ऑपरेशननंतर फुप्फुस पुन्हा नीट फुगले पाहिजे. त्यासाठी जागे असताना दर तासाला दहा वेळा खोल श्वास घ्या. नाकाने सावकाश श्वास घ्या, क्षणभर धरा, तोंडाने सोडा.’ पहिल्या वाक्यात ‘नियमितपणे’ आहे, दुसऱ्यात ‘दर तासाला दहा वेळा’. फरक शब्दांच्या सोपेपणाइतकाच नेमकेपणाचाही आहे. ऑपरेशन, नर्स, सलाईन, टाके, धाप, बेडका हे शब्द घरोघरी रुळलेले आहेत. ते लिहिल्याने पत्रकाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

छपाईकडेही फारसे लक्ष दिले जात नाही. पत्रकाची छायाप्रत, तिची पुन्हा छायाप्रत, असे चार वेळा झाले की अनुस्वार, मात्रा आणि वेलांट्या उडू लागतात. देवनागरीत हे फार महागात पडते, कारण अर्थ तेथेच असतो. वाचणारा साठीच्या पुढचा असण्याचा संभव मोठा, त्याचा चष्मा घरी राहिलेला असण्याचा त्याहून मोठा. ठसठशीत टाइप, दोन ओळींत मोकळी जागा आणि मूळ प्रतीवरूनच छपाई, एवढे सांभाळण्यास मोठा खर्च येत नाही.

घरी परतल्यावर

पत्रके बहुधा रुग्णालयातील दिवसांबद्दल भरभरून सांगतात आणि घरच्या दिवसांबद्दल दोन ओळींत आटोपतात. रुग्णाची खरी पंचाईत मात्र घरी होते. फासळ्यांच्या मधून शस्त्रक्रिया करताना तेथील नसा दुखावतात. त्यामुळे जखमेपासून छातीच्या पुढल्या बाजूपर्यंत पट्ट्यासारखी आग होणे, मुंग्या येणे किंवा तो भाग बधिर वाटणे, हे काही आठवडे आणि काहींना काही महिनेही चालते. हे आधी सांगितलेले नसेल तर रोग उलटला असेच रुग्णाच्या मनात येते. कित्येक रात्री तो झोपेवाचून काढतो आणि घरच्यांनाही सांगत नाही. ‘असे होऊ शकते, याचा अर्थ कर्करोग परत आला असा नाही, यावर औषध आहे, पुढच्या भेटीत सांगा’ या एका वाक्याने ती भीती वाचते.

याउलट काही लक्षणे थांबू देणारी नसतात. १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक ताप, एकाएकी वाढलेली धाप, जखमेतून पू येणे किंवा ती लाल होऊन सुजणे, बेडक्यातून रक्त पडणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. एकाएकी दम कोंडला तर तत्काळ. ही यादी पत्रकाच्या मधल्या मजकुरात दडविण्याऐवजी शेवटच्या पानावर, एका चौकटीत असावी.

कामाविषयीचा सल्लाही रुग्णाच्या जगातला हवा. परदेशी पुस्तिकेच्या अनुवादात मोटार केव्हा चालवावी आणि गालिचा साफ करण्याचे यंत्र केव्हा ओढावे, याची चर्चा असते. येथील स्त्रीला विचारावयाचे असते ते हे की, भरलेली घागर केव्हा उचलू, धुण्याचा पिळा केव्हा पिळू, चुलीच्या धुराजवळ बसले तर चालेल काय? शेतकऱ्याला पोत्याविषयी आणि मोटारसायकलविषयी, मुंबईच्या नोकरदाराला लोकलच्या गर्दीत त्या बाजूच्या हाताने कडी धरण्याविषयी विचारावयाचे असते. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात आखडू नये म्हणून तो रोज वर नेला पाहिजे, आणि तरीही ओझे उचलावयाचे नाही. या दोन सूचना परस्परविरोधी वाटतात, म्हणून त्या शेजारी शेजारी देऊन त्यांचा फरक सांगितला पाहिजे. खोकताना जखमेवर उशी किंवा घडी केलेला टॉवेल दाबून धरावा, त्याने दुखणे कमी होते आणि टाके तुटत नाहीत, हेही अवश्य सांगावे.

पत्रक वाचतो कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरता ८२ टक्क्यांहून अधिक होती; स्त्रियांची सुमारे ७६ टक्के. परंतु जनगणनेतील साक्षर म्हणजे कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती. नाव-गाव आणि पत्र वाचणे वेगळे, औषधांच्या वेळा व धोक्याची लक्षणे यांची सांगड घालणे वेगळे. खेड्यात असे पत्रक पुष्कळदा शाळेत जाणारी मुलगी किंवा नातू वाचून दाखवितो; कधी ते शिक्षकांकडे, कधी आशा कार्यकर्तीकडे येते. पत्रक लिहिणाऱ्याने हे गृहीत धरावे की ते मोठ्याने वाचले जाणार आहे.

यातून एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ‘रुग्णाला कर्करोग आहे हे सांगू नका’ अशी विनंती अनेक कुटुंबे करतात. मग पत्रक मुलाच्या पिशवीत राहते आणि ज्याने व्यायाम करावयाचे तो रुग्ण कोरा राहतो. काही ठिकाणी त्यावर उपाय म्हणून पत्रकातून रोगाचे नावच गाळले जाते. त्याने अडचण टळते, पण छातीची शस्त्रक्रिया कशासाठी आणि पुढे वर्षानुवर्षे तपासणीला का यावयाचे, याचे उत्तर रुग्णाला मिळत नाही. आणि न कळल्यामुळे तो येईनासा होतो. पत्रक देण्यापूर्वी डॉक्टरांनी रुग्णाशी बोलणे, त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे त्यालाच विचारणे, याला पर्याय नाही. शस्त्रक्रियेची माहिती आणि रोगाची माहिती अशी दोन स्वतंत्र पत्रके करणे हा व्यवहार्य मार्ग दिसतो.

साध्या शब्दांत पोहोचलेली माहिती काय करू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी केंद्र सुरू झाले. नोंदणीसाठी गावोगाव जाणारे कार्यकर्ते लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत. पुढे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या भागातील स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्याचे दिसून आले. नोंदणीसाठी म्हणून सुरू झालेल्या संवादाचे हे फळ होते.

छापण्यापूर्वी

कोणत्याही प्रश्नावलीत पूर्ण गुण मिळविलेले पत्रकही प्रत्यक्ष वाचकासमोर अडखळू शकते, कारण ते गुण देणारा सुशिक्षित असतो. म्हणून कच्चा मसुदा निदान आठ-दहा सामान्य माणसांकडून वाचवून घ्यावा. ‘समजले काय?’ असे विचारू नये. त्यावर सगळेच मान हलवितात. ‘रात्री तुम्हाला ताप भरला तर काय कराल, ते यात कोठे लिहिले आहे?’, ‘बाटली कशी धराल, दाखवा’ असे विचारावे. ज्या ठिकाणी दोघे-तिघे चुकतील ते वाक्य बदलावे. या कामी शिक्षकांची मदत अमोल आहे. पालक सभेस येणाऱ्या आईवडिलांइतके योग्य परीक्षक दुसरीकडे मिळणार नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जिल्ह्याच्या किंवा मुंबई-पुण्याच्या रुग्णालयाचे पत्रक घेऊन रुग्ण आला, तर त्यातील न समजलेला भाग टिपून त्या रुग्णालयाला कळविण्याची पद्धत ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीला सहज पाडता येईल.

पत्रकावर ते तयार केल्याचा महिना व वर्ष असावे, आणि पुन्हा तपासण्याची तारीखही. पूर्वी शस्त्रक्रियेच्या आदल्या मध्यरात्रीपासून पाणीही बंद ठेवीत. २०१९ च्या शिफारशींनुसार भूल देण्यापूर्वी दोन तासांपर्यंत साधे पाणी चालते, मात्र अन्न सहा तास आधी बंद करावयाचे असते. जुने पत्रक वाटत राहिले तर रुग्ण विनाकारण तहानलेला राहतो, किंवा डॉक्टर एक सांगतात व कागद दुसरेच सांगतो. आणि शेवटच्या पानावर जो दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, तो पत्रक छापण्यापूर्वी एकदा रात्री दोन वाजता लावून पाहावा.